नाव तेच, ठिकाण नवे : डोमेन नावाच्या सेवा-नोंदी आणि आपल्या संस्था



दिनांक ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील जनता कधीही विसरू शकणार नाही. गणेश विसर्जनाची रात्र सरत आली असता पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे ढिगाऱ्याखाली मृत्युमुखी पडली. पुढे पुनर्वसनाच्या कार्यक्रमात पन्नासहून अधिक गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसविण्यात आली. गावठाण बदलले, रस्ते बदलले, घरांची मांडणी बदलली. परंतु गावांची नावे तीच राहिली. त्या नावांपुढे नव्या ठिकाणाची नोंद झाली, म्हणूनच जुन्या नावाने निघालेले पत्र आणि जुन्या नावाची चौकशी करीत आलेला पाहुणा नव्या दारापर्यंत पोहोचू शकला.

नाव आणि ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठवाड्यातील माणसाला वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आजच्या विषयाचा गाभाही हाच आहे. शाळा, महाविद्यालय, सहकारी संस्था, पंचायत समिती अशा प्रत्येक संस्थेला आज संगणकाच्या जाळ्यावर एक नाव असते. त्यालाच डोमेन नाव म्हणतात. ज्या संगणकावर संस्थेचे काम चालते तो संगणक मात्र बहुधा दुसऱ्या कोणाचा तरी, भाड्याने घेतलेला आणि दूरच्या शहरात ठेवलेला असतो. तो आज एका कंपनीकडे असतो, तर पुढील वर्षी दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतो. नाव आणि हे बदलते ठिकाण यांना जोडणारा दुवा म्हणजे नोंद होय. ही नोंद अचूक असेल तर स्थलांतराची कोणाला जाणीवही होत नाही. ती चुकली, तर संस्था जागेवर असूनही जगाला सापडत नाही.

नावांची वही कशी सुरू झाली

संगणकांना नावे कळत नाहीत. त्यांना अंकांचे पत्ते कळतात. माणसांना मात्र अंक लक्षात ठेवणे कठीण जाते. अमेरिकेत संगणकांचे पहिले जाळे उभे राहिले तेव्हा त्यावरील सर्व संगणकांची नावे आणि अंकी पत्ते यांची एकच यादी ठेवली जात असे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ही यादी सांभाळली जाई आणि प्रत्येक संगणक तिची प्रत उतरवून घेई. जाळे वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. साऱ्या जगाचे दप्तर एका टेबलावर राहू शकत नाही, हा त्यातून मिळालेला धडा होता.

१९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, ही नवी व्यवस्था मांडली. तिची रचना आपल्या महसुली दप्तरासारखी आहे. राज्याच्या दप्तरात प्रत्येक गावाचा सात-बारा ठेवलेला नसतो. तो ज्या त्या गावाच्या दप्तरात असतो. वरच्या कार्यालयाला केवळ एवढेच सांगता यावे लागते की, अमुक गावाचे दप्तर अमुक ठिकाणी आहे. डीएनएसमध्येही सर्वांत वर मूळ दप्तर, त्याखाली 'इन' किंवा 'कॉम' यांसारख्या शाखा आणि त्याखाली प्रत्येक संस्थेचे स्वतःचे दप्तर अशी उतरंड आहे. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा रस्ता दाखविते. अखेरचे उत्तर संस्थेच्या दप्तरातूनच मिळते.

भारताला 'इन' ही शाखा १९८९ मध्ये मिळाली. आरंभी तिची व्यवस्था मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती. २००५ पासून ती नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेकडे आली आणि सर्वसामान्यांना नावनोंदणी सुलभ झाली. २०१४ च्या ऑगस्ट महिन्यात देवनागरी लिपीतील 'डॉट भारत' ही शाखाही खुली झाली, त्यामुळे मराठीत नाव नोंदविणे शक्य झाले. शासकीय कार्यालयांची 'जीओव्ही डॉट इन' या शाखेतील नावे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून दिली जातात. लातूर जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ याच शाखेत आहे. उच्च शिक्षणसंस्थांसाठीच्या 'एसी डॉट इन' शाखेची नोंदणी अर्नेट इंडियाकडे असते. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे नाव त्या शाखेत आहे. कोणते नाव कोणाच्या दप्तरात येते हे ठाऊक असणे, ही पुढील कामाची पहिली अट आहे.

सेवा-नोंद म्हणजे काय

एका नावाखाली अनेक कामे चालतात. महाविद्यालयाचे संकेतस्थळ एका संगणकावर असते, टपाल दुसऱ्यावर, इंटरनेटवरून चालणारी दूरध्वनी व्यवस्था तिसऱ्यावर आणि संगणक प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांची ओळख तपासणारा संगणक महाविद्यालयाच्याच इमारतीत असतो. साधी पत्त्याची नोंद एवढेच सांगते की, या नावाचा अंकी पत्ता अमुक आहे. कोणते काम कोठे चालते, हे ती सांगू शकत नाही.

टपालापुरती ही अडचण लवकर ओळखली गेली. अमुक नावाचे टपाल कोणत्या संगणकाने स्वीकारावे हे सांगणारी 'एमएक्स' नावाची नोंद १९८६ पासून प्रचारात आहे. इतर सेवांसाठी मात्र अशी सोय नव्हती. १९९६ मध्ये आर्न्ट गुलब्रांडसेन आणि पॉल व्हिक्सी यांनी सर्व सेवांसाठी एकच नमुना सुचविला. २००० मध्ये त्याला आजचे रूप मिळाले. हीच सेवा-नोंद किंवा 'एसआरव्ही' नोंद होय.

समजा, एका शिक्षणसंस्थेचे नाव 'संस्था डॉट इन' असे आहे आणि तिला आपली इंटरनेट दूरध्वनी सेवा जाहीर करावयाची आहे. तिच्या दप्तरात पुढील ओळ येईल. प्रत्यक्ष टंकलेखन रोमन अक्षरांत व अंकांत होते. येथे समजण्यासाठी ती देवनागरीत दिली आहे.

_सिप._टीसीपी.संस्था.इन.  ३६००  आयएन  एसआरव्ही  १०  ६०  ५०६०  दूरध्वनी१.संस्था.इन.

ही ओळ गूढ वाटली, तरी तिच्यातील प्रत्येक रकान्याला सरळ अर्थ आहे. 'सिप' हे सेवेचे नाव आहे. 'टीसीपी' ही संदेश वाहून नेण्याची रीत आहे. या दोहोंपूर्वी अधोरेषा येते, कारण त्यामुळे सेवेचे नाव आणि एखाद्या संगणकाचे नाव यांची गल्लत होत नाही. त्यापुढे संस्थेचे डोमेन नाव आहे. ३६०० हा सेकंदांत दिलेला काळ असून तेवढा वेळ, म्हणजे एक तास, हे उत्तर इतरांनी स्मरणात ठेवावे असा त्याचा अर्थ होतो. 'आयएन' म्हणजे इंटरनेट. ते अक्षर-युग्म प्रत्येक नोंदीत येते. 'एसआरव्ही' हा नोंदीचा प्रकार झाला. १० हे प्राधान्य, ६० हा भार आणि ५०६० हा पोर्ट क्रमांक होय. अखेरीस, सेवा देणाऱ्या संगणकाचे नाव येते.

पोर्ट क्रमांक हा तहसील कार्यालयातील खिडकीच्या क्रमांकासारखा असतो. इमारत एकच, परंतु दाखल्याची खिडकी वेगळी आणि शिधापत्रिकेची वेगळी. सिप दूरध्वनीसाठी ५०६०, एक्सएमपीपी पद्धतीने चालणाऱ्या संदेशसेवेसाठी ५२२२ आणि सुरक्षित आयमॅप पद्धतीने टपाल वाचण्यासाठी ९९३ हे क्रमांक रूढ आहेत. संस्थेने एखादी सेवा वेगळ्या क्रमांकावर चालविली, तरी नोंदीत तो क्रमांक असल्यामुळे वापरणाऱ्याला तो तोंडपाठ ठेवावा लागत नाही.

लातूरच्या पाण्याचा दाखला

प्राधान्य आणि भार या दोन रकान्यांत नोंदीचे खरे सामर्थ्य आहे. ते समजण्यासाठी २०१६ चा उन्हाळा आठवावा. लातूर शहराची तहान मांजरा प्रकल्पावर भागत असे. दुष्काळात तो आटला आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी लातूरला पोहोचले. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. पहिला स्रोत आटल्यावर दुसऱ्याकडे वळणे हे प्राधान्याचे तत्त्व होय. त्या वर्षी ही तजवीज संकट दाराशी आल्यानंतर करावी लागली. सेवा-नोंदीत ती आधीच लिहून ठेवता येते.

एका सेवेसाठी दोन ओळी लिहिल्या, पहिलीला प्राधान्य १० आणि दुसरीला २० दिले, तर लहान अंकाच्या संगणकाकडे आधी विचारणा होते. तो उत्तर देत नसेल, तरच दुसऱ्याकडे जावयाचे असते. येथे अंक जितका लहान तितका मान मोठा, हे विसरता कामा नये; नवख्या माणसाची समजूत नेमकी उलट असते.

भार हा रकाना समान प्राधान्याच्या संगणकांमध्ये काम वाटून देतो. दोन ओळींना प्राधान्य १० असून भार ६० आणि ४० असेल, तर दर शंभर विचारणांपैकी सुमारे साठ पहिल्याकडे आणि चाळीस दुसऱ्याकडे जातील. टँकर मोठा असेल त्याला मोठा प्रभाग द्यावा आणि लहान असेल त्याला लहान, तसाच हा हिशेब आहे.

मात्र एक मर्यादा ध्यानी घ्यावी लागते. डीएनएसचे दप्तर संगणक चालू आहे की बंद, हे पाहात नाही. ते केवळ लिहिलेले वाचून दाखविते. पहिल्या संगणकाकडून उत्तर न आल्यास दुसऱ्याकडे जाण्याचे काम विचारणाऱ्या यंत्राने किंवा कार्यप्रणालीने करावयाचे असते. म्हणून दूरध्वनी संच किंवा प्रणाली खरेदी करताना ती सेवा-नोंदी वाचते काय, हे निविदेतच विचारलेले बरे. सर्वच सेवा या नोंदी वाचत नाहीत. संकेतस्थळ उघडणारा ब्राउझर त्या वाचत नाही आणि बाहेरून येणारे टपाल अजूनही एमएक्स नोंदीनेच पोहोचते. याउलट सिप दूरध्वनी, एक्सएमपीपी संदेशसेवा आणि संगणक प्रयोगशाळांतील विंडोजची अॅक्टिव्ह डिरेक्टरी ही व्यवस्था या नोंदींवर उभी आहे. प्रयोगशाळेतील संगणकाला 'डोमेन सापडत नाही' असा संदेश येतो, तेव्हा दोष यंत्रात असतोच असे नाही. अनेकदा एखादी सेवा-नोंद हरवलेली असते किंवा ते यंत्र भलत्याच दप्तरात विचारणा करीत असते.

नोंद कोणत्या दप्तरात करावी

नाव एका कंपनीकडून नोंदविलेले आणि संगणक दुसऱ्या कंपनीचा, अशी स्थिती बहुतेक संस्थांत आढळते. दोन्ही कंपन्या नोंदी लिहिण्यासाठी आपापला तक्ता उपलब्ध करून देतात. त्यांपैकी जगाला मान्य असलेले दप्तर एकच असते. डोमेन नावापुढे जे नेमसर्व्हर लिहिलेले असतात, त्यांच्याकडचेच दप्तर खरे. ते न पाहता दुसऱ्या तक्त्यात कितीही काळजीपूर्वक नोंद केली, तरी तिचा उपयोग शून्य. आपल्या जमिनीचा फेरफार दुसऱ्याच गावाच्या दप्तरात चढवावा, तसा तो प्रकार होतो. चूक दिसत नाही, कारण नोंद समोर लिहिलेली असते. आणि काम होत नाही, कारण ती वाचणारे कोणी नसते. म्हणून प्रथम नेमसर्व्हर कोणते आहेत ते पाहावे आणि मगच लेखणी उचलावी.

शासकीय कार्यालयाचे दप्तर त्याच्या स्वतःच्या हाती नसेल, तर दप्तर सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे लेखी मागणी करावी. 'आमची दूरध्वनी सेवा सुरू करावी' एवढ्या मोघम पत्राने काम होत नाही. सेवेचे नाव, संदेशवहनाची रीत, स्मरणकाळ, प्राधान्य, भार, पोर्ट आणि लक्ष्य संगणकाचे नाव या सात बाबी पत्रात स्वतंत्रपणे नमूद केल्या, तर विचारणेची फेरी वाचते आणि चुकीला वाव राहात नाही.

हातून होणाऱ्या चुका

नोंद लिहिताना काही चुका वारंवार होतात. लक्ष्य म्हणून संगणकाचे नावच द्यावे लागते, अंकी पत्ता नव्हे. त्या नावाची स्वतःची पत्त्याची नोंद असावी लागते आणि ते दुसऱ्या नावाचे केवळ टोपणनाव, म्हणजे 'सीनेम', असून चालत नाही.

दुसरी चूक एका बिंदूची आहे. दप्तराच्या मूळ नमुन्यात पूर्ण नावाच्या अखेरीस बिंदू येतो. तो राहून गेला, तर यंत्र त्यापुढे डोमेन नाव आपण होऊन जोडते आणि 'दूरध्वनी१.संस्था.इन.संस्था.इन' असे अस्तित्वात नसलेले नाव तयार होते. काही तक्ते हा बिंदू स्वतः लावतात, काही लावत नाहीत. अधोरेषांचेही तसेच आहे. काही ठिकाणी त्या लिहाव्या लागतात, तर काही ठिकाणी लिहिल्यास दोनदा उमटतात. यासाठी नोंद जतन केल्यानंतर ती बाहेरून विचारून पाहणे हाच खात्रीचा उपाय होय. 'एनएसलुकअप' किंवा 'डिग' या आज्ञेने, शक्यतो कार्यालयाबाहेरील जोडणीवरून, पूर्ण नाव देऊन एसआरव्ही नोंद मागावी. जे उत्तर येईल तेच जगाला दिसते.

'डॉट भारत' शाखेतील नावासाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. देवनागरी नाव डीएनएसच्या आत रोमन अक्षरांच्या एका ठरावीक सांकेतिक रूपात साठविले जाते. तक्ता देवनागरी स्वीकारत नसेल, तर तेथे ते सांकेतिक रूप द्यावे लागते.

संस्था एखादी सेवा देतच नसेल, तर तेही नोंदीत सांगता येते. लक्ष्याच्या जागी केवळ एक बिंदू दिला की, 'ही सेवा येथे उपलब्ध नाही' असा त्याचा अर्थ होतो. विचारणारा मग व्यर्थ खटपट करीत नाही.

स्थलांतराची पूर्वतयारी

सेवा एका कंपनीकडून दुसरीकडे न्यावयाची असेल, तर स्मरणकाळाचा विचार आधी करावा. हा काळ ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असेल, तर नोंद बदलल्यानंतरही दिवसभर काही लोक जुन्याच संगणकाकडे जात राहतील. म्हणून बदलाच्या एक-दोन दिवस आधी हा काळ ३०० सेकंदांवर आणावा. नवी व्यवस्था उभी करून तपासावी, मग नोंद बदलावी. जुना संगणक लगेच बंद न करता सर्वांची विचारणा नव्याकडे वळल्याची खात्री करून घ्यावी. सारे सुरळीत झाल्यावर काळ पुन्हा पूर्ववत करावा. नोंद नसताना कोणी विचारणा केली असेल, तर 'नोंद नाही' हे उत्तरही काही काळ स्मरणात राहते. त्यामुळे नोंद लिहिण्यापूर्वी सेवेची जाहिरात करू नये.

ही शिस्त किती मोलाची आहे, हे जून महिन्यातील लातूर पाहणाऱ्यास सांगावे लागणार नाही. लातूर पॅटर्नच्या लौकिकामुळे अनेक जिल्ह्यांतील विद्यार्थी प्रवेशासाठी या शहराकडे येतात. दूरच्या खेड्यातील पालक महाविद्यालयाशी दूरध्वनीवर बोलू पाहतो आणि त्याचा संदेश पोहोचत नाही, तेव्हा त्याला अधोरेषा किंवा बिंदू चुकल्याचे कळत नाही. तो एवढेच समजतो की, आपली दखल कोणी घेत नाही.

नाव कोणाच्या मालकीचे

अखेरीस सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. संकेतस्थळ तयार करून देणारा कंत्राटदार सोयीसाठी डोमेन नाव स्वतःच्या नावे नोंदवितो, परवलीचा शब्द त्याच्याच वहीत राहतो आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्याच टपालावर जाते, असे प्रकार घडतात. कंत्राट संपते, संबंध तुटतो आणि एके दिवशी संस्थेला स्वतःच्या नावाचा दरवाजा बंद आढळतो. अशा वेळी उत्तमातील उत्तम सेवा-नोंदही निरुपयोगी ठरते, कारण दप्तरच हातचे गेलेले असते.

यासाठी डोमेन नाव संस्थेच्याच नावे नोंदविलेले असावे. नोंदणीसाठी दिलेला टपालाचा पत्ता व्यक्तीचा नसून पदाचा असावा, आणि तो शक्यतो त्याच डोमेन नावावर अवलंबून नसावा. अन्यथा नाव बंद पडल्यावर इशाराही पोहोचत नाही. प्रवेशासाठी दुहेरी पडताळणी ठेवावी. सर्व नोंदींची छापील प्रत, नेमसर्व्हरांची नावे आणि मुदतीचा दिनांक हे सर्व संस्थेच्या नोंदवहीत असावे आणि पदभार देता-घेताना इतर दप्तराबरोबर त्याचीही पोच घ्यावी. जडवस्तू संग्रहात खुर्च्या आणि टेबले मोजून घेतली जातात; संस्थेचे नाव त्याहून मोलाचे आहे.

भूकंपानंतर ज्या गावांनी नवी जागा स्वीकारली, त्यांनी आपले नाव सोडले नाही. नाव टिकले म्हणून गावाची ओळख टिकली. आपल्या संस्थांचे संगणक बदलतील, कंपन्या बदलतील, तंत्रही बदलेल. नाव आपल्या मालकीचे असेल आणि त्यापुढील नोंद अचूक असेल, तर खेड्यातील पालकाचा संदेश नव्या ठिकाणीही योग्य खिडकीशी पोहोचेल. प्रत्येक कार्यालयाने आणि शाळेने आपल्या नावाचे दप्तर या आठवड्यातच एकदा उघडून पाहावे, हीच आजची विनंती.